हवेत लटकलेल्या चाकाचं काय? फोर बाय फोरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वळवाचा पहिला पाऊस पडला की माझ्याकडे येणारे प्रश्न बदलतात. उन्हाळाभर लोक 'मायलेज किती' विचारतात. जूनमध्ये तेच लोक 'लो कधी टाकायचा' आणि 'गाडी पाणंदीत फसलीय, आता काय करू' असं विचारतात, तेही बहुधा पाणंदीतूनच. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखादं उत्तर आधी येऊन गेलं असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना ताकद. मग गाडी रुततेच कशी?

कारण चारही चाकांना 'पाहिजे तेवढी' ताकद मिळत नाही. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून प्रत्येक ऍक्सलवर (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर) दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल असतं. साधं, म्हणजे ओपन डिफरन्शियल डाव्या-उजव्या चाकांना नेहमी सारखाच जोर देतं. आता एक चाक हवेत लटकलं असं समजा. ते फिरवायला जोर लागतो जवळजवळ शून्य. दुसऱ्यालाही तेवढाच मिळतो, म्हणजे तेही काही करत नाही.

बैलगाडीची खोल चाकोरी तिरपी ओलांडून बघा. पुढचं डावं चाक उचललं जातं, मागचं उजवं उचललं जातं, दोन्ही गरगर फिरतात आणि जमिनीवरची दोन चाकं ढिम्म. गाडीवर 'फोर बाय फोर'चा बिल्ला असतो, चालकाचा पाय ऍक्सिलरेटरवर असतो, गाडी मात्र जागची हलत नाही. म्हणून कुठलीही सिस्टिम तोलताना मी एकच प्रश्न विचारतो: चाक हवेत गेल्यावर ही गाडी काय करते? पुढची बरीच उत्तरं याच प्रश्नाभोवती फिरतात.

२. पार्ट-टाइम, फुल-टाइम, एडब्ल्यूडी यांत नेमका फरक काय?

पार्ट-टाइम गाडी एरवी मागच्या दोन चाकांवर चालते. लिव्हर किंवा नॉब फिरवला की ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढे-मागे वाटणारं यंत्र) पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट (ऍक्सलकडे ताकद नेणारे दांडे) एकमेकांना घट्ट जखडतं. दोघांच्या मध्ये डिफरन्शियल नसतं. थार, जिम्नी, गुरखा, फॉर्च्युनर फोर बाय फोर, जुनी जिप्सी आणि महिंद्राच्या जुन्या जीप या सगळ्या याच घराण्यातल्या.

फुल-टाइममध्ये चारही चाकं कायम जोडलेली असतात आणि मध्येही एक डिफरन्शियल असतं, त्यामुळे डांबरी रस्त्यावर त्रास नाही. लँड रोव्हर डिफेंडर अशी आहे. तिचं मधलं डिफरन्शियल लॉकही होतं.

तिसरा प्रकार, म्हणजे एडब्ल्यूडी (ऑल-व्हील-ड्राइव्ह), मागणीनुसार चालणारा. जुन्या डस्टरची एडब्ल्यूडी आवृत्ती आपल्याकडे २०१४ मध्ये आली, तिच्यात हा होता. मुळात गाडी पुढच्या चाकांवर चालते. पुढची चाकं घसरली की मागच्या ऍक्सलजवळचा विजेवर चालणारा क्लच आवळतो आणि मागे ताकद पोहोचते. ओल्या गवतावर, मुरमाच्या चढावर, हिमाचलातल्या पातळ बर्फावर ही सिस्टिम झकास चालते. पण तिला लो-रेंज, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारे 'लो' गिअर, नसते, आणि सैल वाळूत किंवा खोल चिखलात बराच वेळ झटापट केली की तो क्लच तापतो. मग सिस्टिम स्वतःला वाचवायला ताकद तोडते, आणि हे नेमकं नको त्या वेळी होतं.

३. शोरूममध्ये सांगितलं, 'जिम्नीत ऑलग्रिप आहे तशीच ग्रँड विटारातही ऑलग्रिप आहे.' मग मोठी गाडी का घेऊ नये?

मोठी गाडी जरूर घ्या, पण ती 'तशीच' आहे म्हणून नको. ऑलग्रिप हे मारुती सुझुकीने आपल्या फोर बाय फोर सिस्टिम्सना दिलेलं नाव. जिम्नीत ऑलग्रिप प्रो आहे: लो-रेंज असलेली पार्ट-टाइम सिस्टिम. ग्रँड विटारात ऑलग्रिप सिलेक्ट आहे, म्हणजे प्रश्न २ मधला तिसरा प्रकार. आडनाव एक, घरं वेगळी. विकणाऱ्याला फक्त 'लो-रेंज आहे का?' एवढं विचारा. तो मोड्सची यादी वाचू लागला तर समजा, नाही.

४. ब्रेक-लॉकिंग, मेकॅनिकल लॉकर, इलेक्ट्रॉनिक लॉकर, हाताने ओढायचा लॉकर... कोणता चांगला?

लॉकर म्हणजे एका ऍक्सलची डावी-उजवी चाकं एकत्र जखडणारी यंत्रणा. चारही हवेतल्या चाकावरचेच उपाय आहेत, फक्त प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

ब्रेकवाला प्रकार सगळ्यांत स्वस्त, कारण एबीएसचा सगळा संच गाडीत आधीच असतो. सेन्सरला गरगरणारं चाक दिसलं की फक्त त्याच चाकाला ब्रेक लागतो. ते फिरवायला आता जोर लागतो, म्हणून त्याच ऍक्सलवरच्या दुसऱ्या चाकालाही जोर मिळतो. चूक इथेच होते: चाक फिरू लागलं की घाबरून लोक पाय उचलतात. उचलू नका. ऍक्सिलरेटर स्थिर ठेवा, एक-दोन सेकंद 'कट-कट-कट' ऐका, मग गाडी सरकते. मर्यादा अशी की चाक आधी घसरावं लागतं, आणि सतत वापरलं की ब्रेक तापतात.

आपोआप लागणारा मेकॅनिकल लॉकर थारच्या काही व्हेरिएंटना मागच्या ऍक्सलवर मिळतो. डाव्या-उजव्या चाकांच्या वेगात मिनिटाला शंभरेक फेऱ्यांचा फरक पडला की तो खटकन बसतो. ताशी तिसाच्या वर वेग असेल तर लागत नाही. चालकाला काहीच करावं लागत नाही, हा त्याचा गुण. दोष असा की तो कधी लागेल हे तुमच्या हातात नाही. निसरड्या आडव्या उतारावर अचानक लागला तर मागची बाजू उताराकडे सरकू शकते.

इलेक्ट्रॉनिक लॉकर बटणावर चालतो. थार रॉक्सच्या फोर बाय फोर डिझेलला मागे हा आहे. अडथळा यायच्या आधीच तुम्ही तो लावू शकता, म्हणजे घसरण्याची वाटच बघायची नाही.

आणि हाताने लावायचा लॉकर गुरखाला कंपनीतूनच येतो, तोही पुढे आणि मागे दोन्हीकडे. दोन्ही लावले की चारही चाकं एकाच वेगाने फिरतात, हवेत कुणीही लटको. पण पुढचा लॉकर लावून स्टिअरिंग फिरवून बघा: गाडी वळायचं नाव घेत नाही आणि हातांना घाम फुटतो. पुढचा लॉकर सरळ जाण्यासाठी आणि अगदी शेवटी, काम झालं की लगेच काढायचा.

माझं मत विचाराल तर नवख्याला ब्रेकवाला पुरतो. दर रविवारी दगडांत शिरणार असाल तर मागच्या ऍक्सलला खरा लॉकर हवा. दोन्हीकडे लॉकर लागतील अशा जागी आपण का आलो, हा विचार आधी करावा.

५. थार, जिम्नी की गुरखा? सरळ सांगा.

सरळ उत्तर तुमच्या वाटेवर अवलंबून आहे, तरी प्रयत्न करतो.

जिम्नीचं खरं हत्यार तिचं वजन. बाराशे किलोच्या आसपासची गाडी, थारपेक्षा पाचेकशे किलोने हलकी. मऊ जमिनीवर जिथे थार खाली बसते तिथे जिम्नी वरून निघून जाते, आणि रुतलीच तर चार माणसं ढकलून काढतात. अरुंद पाणंदीत, दोन्हीकडे करवंदीच्या जाळ्या असताना, तिच्यासारखी गाडी नाही. पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ऍक्सल असल्याने एक चाक वर गेलं की दुसरं खाली दाबलं जातं, म्हणून चाक हवेत जायला वेळ लागतो. कमी पडतं ते इंजिन. दीड लिटर पेट्रोल, १३४ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर). चढावर आरपीएम चढवून ठेवावे लागतात. तिची लो-रेंज २ पटींची आहे, थारची जवळजवळ अडीच पटींची, आणि डिझेल थारच्या टॉर्कसोबत तो फरक पायाला जाणवतो.

थार मधली. जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंची, ६५० मिलिमीटर पाण्यातून जायची कंपनीची मर्यादा, आणि तालुक्याच्या गावातही दुरुस्त करणारा माणूस सापडतो. मात्र व्हेरिएंट बघून घ्या. लॉकर सगळ्यांना नाही, आणि २०२३ पासून टू-व्हील-ड्राइव्ह थारही मिळते. ती दिसते थार, चिखलात मात्र साधी मागच्या चाकांवर चालणारी गाडी. पावसाळ्यात ओढून काढाव्या लागणाऱ्या गाड्यांत अशा 'दिसायला थार' बऱ्याच असतात.

गुरखा पुण्याच्या फोर्सची. प्रश्न १ मधल्या प्रश्नाला तिघींत सगळ्यांत ठाम उत्तर तिचंच: दोन लॉकर, स्नॉर्कल (इंजिनासाठी उंचावरून हवा घेणारी नळी), ७०० मिलिमीटर पाणी. २०२४ पासून तिला १४० पीएसचं २.६ लिटर डिझेल इंजिनही मिळालं. पण ती जड आहे, आणि रोज पुणे-मुंबई करणार असाल तर बाकी दोघी जास्त सुखाच्या.

हे सगळं वाचूनही 'पण एकच नाव सांगा' म्हणाल तर: सह्याद्रीतल्या पावसाळी पाणंदींसाठी जिम्नी, दगड-धोंड्यांसाठी गुरखा, आणि एकच गाडी घरी ठेवून लग्नालाही तीच न्यायची असेल तर थार.

६. टू-हाय, फोर-हाय, फोर-लो: कधी काय?

टू म्हणजे दोन चाकांना ताकद, फोर म्हणजे चारही; हाय म्हणजे नेहमीचे गिअर, लो म्हणजे लो-रेंज. डांबर आणि सिमेंट: टू-हाय. मुरूम, सैल खडी, ओलं गवत, पातळ चिखल, बर्फ, म्हणजे जिथे चाकाला थोडं घसरायला जागा आहे: फोर-हाय. हे चालत्या गाडीत लावता येतं. जिम्नीत ताशी १०० च्या आत, चाकं सरळ ठेवून.

फोर-लो हा वेगाचा नाही, ताबा ठेवण्याचा गिअर. खडा चढ, खडा उतार, दगड, दुसऱ्याची गाडी ओढणं. तो लावायला गाडी थांबवून क्लच दाबा किंवा ऑटोमॅटिक न्यूट्रलला आणा. उतारावर फोर-लो पहिला टाकला की इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकला हात लावावा लागत नाही.

एक अपवाद नवखे हमखास चुकतात: चिकट, खोल चिखलात फोर-लो पहिला लावू नका. चाक फार जोरात फिरतं, खड्डा खणतं आणि गाडी बसते. तिथे फोर-लो दुसरा किंवा तिसरा, थोडी गती, आणि मधे थांबायचं नाही.

७. पावसात घाटात फोर-हाय लावून चालवलं तर सुरक्षित ना?

ताम्हिणीसारख्या चांगल्या डांबरी घाटात नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. पार्ट-टाइम सिस्टिममध्ये दोन्ही शाफ्ट जखडलेले असल्यामुळे हा फरक कुठेतरी निघावा लागतो. चिखलात चाक घसरून तो निघतो. डांबरावर पकड चांगली असल्याने निघत नाही आणि ट्रान्सफर केसमध्ये ताण साठत जातो. गाडी वळायला जड होते, अडखळते. ओल्या डांबरालाही बहुतेक वेळा यासाठी पुरेशी पकड असते.

दुसरं म्हणजे, फोर बाय फोर थांबायला मदत करत नाही. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतातच. घाटात गाडी दरीकडे जाते ती वेग न आवरल्यामुळे, आणि तिथे कामाला येतात फक्त टायर आणि हळू जाणं. प्रश्न २ मधल्या एडब्ल्यूडी आणि फुल-टाइम गाड्यांना हा नियम लागू नाही. त्या डांबरावर तशाच चालवता येतात.

८. फोर-हाय काढला तरी डॅशवरचा दिवा विझत नाही, लिव्हर अडकलाय. बिघडलं का?

बहुधा नाही. प्रश्न ७ मधला ताणच गिअर धरून बसलेला असतो. स्टिअरिंग सरळ करा, सावकाश दहा-पंधरा मीटर रिव्हर्स घ्या, मग पुन्हा प्रयत्न करा. मी स्वतः एकदा सोसायटीच्या सिमेंटच्या पार्किंगमध्ये फोर-हाय तसाच ठेवून गाडी वळवली आणि वीस मिनिटं लिव्हरशी कुस्ती खेळलो. शेवटी वॉचमन म्हणाला, 'साहेब, मागं घ्या की.' त्याने पूर्वी जीप चालवली होती.

९. बजेट थोडंच आहे. आधी लॉकर बसवू की टायर?

टायर. लॉकर ताकद चाकापर्यंत नेतो. चाकापासून जमिनीपर्यंत टायरच नेतो. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा दोन फेऱ्यांत भरून टाकते आणि टायर गुळगुळीत गोळा होतो. मग दोन लॉकर असोत की चार, फरक पडत नाही. तिथे खोल, दूर-दूर खाचांचा टायर माती झटकून टाकतो. कोकणातला जांभा वेगळा: खाली कडक, वर शेवाळ. त्यावर मऊ रबराचा ऑल-टेरेन टायर जास्त धरतो.

टायर बदलण्याआधी फुकटातला उपाय करा: हवा कमी करा. रस्त्यावर तिसेक पीएसआय असेल तर चिखल-वाळूत अठरा-वीसवर आणा. टायर लांबट पसरतो आणि गाडी वर तरंगते. पंधराच्या खाली गेलात तर वळताना टायर रिममधून निसटू शकतो. परतताना हवा भरायला छोटा कॉम्प्रेसर सोबत हवाच. कमी हवेने हायवेवर पळवलं तर टायर तापून फुटतो.

१०. अलिबाग, दापोलीच्या किनाऱ्यावर चालवायची आहे. वाळूसाठी कोणता मोड?

कुठलाच नको. किनाऱ्यावर गाडी घातली की पोलीस गुन्हा नोंदवतात, आणि गोव्यात पर्यटनस्थळांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली त्याला बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी भरतीची ओळ ओळखता न आल्याने बुडालेल्या गाड्यांचे फोटो दर मोसमात फिरतात. ओली वाळू कडक वाटते, पण गाडी थांबली की चाकाखालून पाणी सुटतं आणि ती खाली बसू लागते. त्यात भरती येत असेल तर लॉकर काहीही कामाचा नाही. वाळूचा सराव करायचाच तर जैसलमेरकडे, माहितगार माणसासोबत.

११. ओढा ओलांडताना काय बघायचं? स्नॉर्कल आहे.

आधी स्वतः चालत जाऊन बघा. पाणी मांडीला लागून ओढत असेल तर गाडीलाही ओढेल. पाण्यात गाडीचं वजन उचललं जातं आणि चाकाखालची पकड कमी होते. स्नॉर्कल फक्त इंजिनाला हवा पुरवतो. तो गाडी जड करत नाही, दारं सीलबंद करत नाही. जायचंच असेल तर फोर-लो पहिला किंवा दुसरा, समोर छोटी लाट ठेवून एकसारख्या वेगाने. मधे इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर आल्यावर दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल तपासा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय.

पुलावरून पाणी वाहत असेल तर यातलं काहीही लागू नाही. थांबा.

१२. शेतासाठी चार चाकी एटीव्ही घ्यायची आहे. त्यातली फोर-व्हील-ड्राइव्हही अशीच असते का?

जवळजवळ उलटी. एटीव्ही म्हणजे मोटरसायकलसारखं हँडल असलेली छोटी उघडी गाडी. बहुतेक वर्क एटीव्हींच्या मागच्या ऍक्सलला डिफरन्शियलच नसतं. दोन्ही मागची चाकं कायम जखडलेली. म्हणजे मागच्या बाजूला प्रश्न १ उद्भवतच नाही. सगळी स्पर्धा पुढच्या ऍक्सलवर. पोलारिस कंपनीच्या एटीव्हीत मागची चाकं घसरली की पुढची रोलर-क्लचने आपोआप जोडली जातात आणि जोडल्यावर दोन्ही सारखीच फिरतात. कॅन-ऍमचं व्हिस्को-लॉक पुढच्या चाकांच्या वेगातल्या फरकावर दाबाने हळूहळू आवळत जातं. यामाहात बटणाने टू-व्हील, फोर-व्हील आणि पुढचा डिफ-लॉक अशा तीन पायऱ्या आहेत. बागेत वळणं जास्त असतील तर हळू आवळणारी सिस्टिम हाताला हलकी लागते. उभ्या चढाला पूर्ण लॉक. नोंदणीचं आधीच विचारा: आपल्याकडे बहुतेक एटीव्ही रस्त्यावर चालवता येत नाहीत, शेतात आणि खासगी जागेतच.

१३. इलेक्ट्रिक फोर बाय फोरला लॉकरची गरज नाही असं म्हणतात. खरं का?

अर्धं खरं. २०२५ मध्ये आलेल्या हॅरियर ईव्हीच्या चारही चाकांना ताकद देणाऱ्या आवृत्तीत पुढे एक आणि मागे एक मोटर आहे. मधे शाफ्ट नाही, त्यामुळे पुढे-मागे ताकद वाटणं क्षणात होतं आणि प्रश्न ७ मधला ताणही नाही. पण एका ऍक्सलला एकच मोटर असल्यामुळे डाव्या-उजव्या चाकांत वाटणी होतेच. हवेतलं चाक तिथेही हवेतच असतं.

१४. पुढचे दोनच टायर नवीन टाकले. फोर-हायला काही होतं का?

होतं. नवीन टायरचा घेर झिजलेल्यापेक्षा मोठा, म्हणजे सरळ रस्त्यावरही पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या फेऱ्या मारतात आणि प्रश्न ७ मधला ताण वळण न घेताच साठू लागतो. चारही एकत्र बदला, किंवा नियमित अदलाबदल करत झीज सारखी ठेवा. स्टेपनी वेगळ्या घेराची असेल तर ती लावून फोर-हायमध्ये चिखलापुरतंच जा.

१५. चढावर गाडी ऑटोमॅटिकच्या 'पी'मध्ये ठेवून उतरलो, तरी ती मागे घरंगळली. असं कसं?

ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये होतं. थारसारख्या गाड्यांत फोर-हाय आणि फोर-लोच्या मध्ये 'एन' असतं, गाडी टो करताना उपयोगी. लिव्हर तिथे राहिला तर गिअरबॉक्स आणि चाकं यांचा संबंधच तुटतो. मग 'पी' असो की मॅन्युअलचा पहिला गिअर, काही धरत नाही. फोर-लो टाकताना लिव्हर अर्धवट राहिला तरी हेच होतं. हँडब्रेक आधी ओढा, चाकामागे दगड लावा, मगच उतरून मागची गाडी कुठे अडकली ते बघायला जा.